आफ्रिकेची काजू बी थेट मागवायची आहे, सप्लायर पारखायचा कसा?

तळकोकणी (धागाकर्ता) :

नमस्कार मंडळी. कुडाळ एमआयडीसीत आमचं छोटं काजू युनिट आहे. वडिलांनी उभं केलं, आता भाऊ आणि मी बघतो. गावठी बी मार्च ते मे एवढीच, आणि त्यातही बाहेरचे व्यापारी बागेत येऊन रोख मोजून उचलतात. पावसाळ्यात बॉयलर पेटता ठेवायचा आणि कामाला येणाऱ्या बायकांना घरी बसवायचं नाही, तर आफ्रिकेची बी लागतेच. आजवर मंगळूरच्या आयातदारांच्या गोडाऊनवरून घेत आलो. चांगला लॉट ते स्वतःच्या कारखान्याला ठेवतात आणि उरलेला आमच्या माथी मारतात, असा माझा दाट संशय आहे.

यंदा एक कंटेनर थेट मागवावा म्हणतो. आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी कोड) काढलाय, बँकेचं एडी कोडचं (परकीय चलनाच्या व्यवहारासाठी बँकेचा कोड) काम झालंय. तीन ठिकाणचे भाव आलेत, तिन्ही न्हावा शेवा पोच. आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानची एक कंपनी टनाला १,४५० डॉलर म्हणते, आऊटटर्न (८० किलोच्या पोत्यातून निघणारा चांगला गर, पौंडात) ४७. दुबईचा एक ट्रेडर गिनी-बिसाऊचा माल देतो, १,६०० डॉलर, आऊटटर्न ५३. तिसरा बेनिनमधला, कोटोनूचा. व्हॉट्सॲपवरच ओळख झाली. १,३०० डॉलर आणि आऊटटर्न '४६ ते ४८'. त्याने कंपनीचे कागद, गोडाऊनचे व्हिडिओ, अगदी पासपोर्टचा फोटोसुद्धा न मागता पाठवला. यातला खरा कोण आणि चांगला कोण, हे इथे बसून कसं ओळखायचं? भाऊ तिसऱ्याच्या बाजूने आहे.

सुरंगी :

दादा, वेंगुर्ल्यात आमचंही युनिट आहे म्हणून लिहिते. टनाचा भाव बघणं आधी सोडा. बी विकत घेतो तेव्हा आपण टरफल घेत नाही, गर घेतो. म्हणून आऊटटर्नच्या एका पॉइंटला, म्हणजे एका पौंडाला, किती डॉलर पडतात ते काढा. आबिजान १,४५० भागिले ४७, म्हणजे ३०.८५. दुबई १,६०० भागिले ५३, म्हणजे ३०.१९. सगळ्यात महाग दिसतो तो प्रत्यक्षात स्वस्त, अर्थात ५३ खरा असेल तर. आणि तुमचा कोटोनूवाला ४६ धरला तर २८.२६ होतो, पण माल ४२ ने उतरला तर ३०.९५. म्हणजे आबिजानपेक्षाही महाग, वर कटिंगची मजुरी, लाकूड, वीज तेवढीच. एका कंटेनरमध्ये १६ टन धरा, टनाला पॉइंटमागे ३० डॉलर, पाच पॉइंट कमी आले तर २,४०० डॉलर गेले. आणि हे पैसे पुन्हा मिळत नाहीत, कारण तोवर तुमचे त्याच्या खिशात असतात.

नवीन लोकांसाठी सांगते. ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड चांगला गर निघतो तो आऊटटर्न. आपल्याकडे उतारा टक्क्यात बोलतात, बाजारात पौंडात. कटिंग टेस्ट अशी : पोत्यांतून बांबीने (पोत्यात खुपसायच्या पोकळ सळईने) बी काढायची, वरच्या पोत्यांतून नाही, मधल्या आणि तळच्यांतूनही. सगळी एकत्र करून चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा चार वाटे, असं करत एक किलो उरेपर्यंत. ती मोजायची, तो नट काऊंट. मग प्रत्येक बी उभी चिरायची. पांढरा भरलेला गर एका ताटलीत, डाग पडलेला किंवा सुरकुतलेला दुसऱ्या ताटलीत, पोकळ, काळा, तेल उतरलेला आणि किडका तिसरीत. तिसरी फेकून द्यायची. दुसरीचं वजन निम्मं धरायचं. समजा चांगला गर २५० ग्रॅम आला आणि डागी ३० ग्रॅम, तर २५० अधिक १५ म्हणजे २६५ ग्रॅम. याला ८० ने गुणा आणि ४५३.६ ने भागा. ४६.७ येतात. घरच्या वजनकाट्यावर होतं हे, फक्त काटा ग्रॅमपर्यंतचा हवा.

सप्लायरला पहिला प्रश्न हाच विचारा की डागी गर तुम्ही निम्मा धरता की पूर्ण. जो माहीतगार आहे तो एका ओळीत उत्तर देतो. जो नुसता मधला दलाल आहे तो 'बेस्ट क्वालिटी सर' म्हणतो.

शिरोडानाका :

बेनिनवाला सोडून द्या. बेनिन सरकारने १ एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजूच्या निर्यातीवर बंदी जाहीर केली होती, तिथेच प्रक्रिया व्हावी म्हणून. तेव्हा कोटोनूवरून कच्ची बी द्यायला निघालेल्या माणसाला आधी विचारा की निर्यातीचा परवाना कुठल्या आधारावर मिळणार, आणि माल नक्की कुठल्या बंदरातून निघणार. तो टोगोतल्या लोमेचं नाव घेईल. मग मूळ देशाचा दाखला कोणाचा, हा पुढचा प्रश्न. इथपर्यंत फोन चालू राहिला तर मला सांगा.

तळकोकणी :

शिरोडानाका, विचारलं. म्हणाला 'स्पेशल परमिशन' आहे, नावं सांगता येत नाहीत. भावाचं तोंड उतरलंय. पण किमान कोटोनूवाला पाठवतोय ते कागद खरे की खोटे हे कळायला काही सोय आहे का? पुढे उपयोगी पडेल.

बंदरावरचा :

मी न्हावा शेव्याला सीएचएच्या (कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटच्या) ऑफिसात आहे, मूळ मालवणचा. कागदाचं बोलतो.

पश्चिम आफ्रिकेतले बरेच फ्रेंचभाषक देश, आणि गिनी-बिसाऊसुद्धा, ओहाडा नावाच्या एका कायद्याच्या छत्राखाली येतात. तिथल्या कंपनीला आरसीसीएम नंबर असतो, आपल्या कंपनी नोंदणीसारखा. तो दाखला पाठवतील, पण दाखल्यावर धंदा काय लिहिलाय तो वाचा. फ्रेंच येत नसेल तर फोनवर भाषांतर होतं. आमच्याकडे एकाने आणलेल्या दाखल्यावर जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री लिहिलं होतं आणि माणूस २०० टन काजू विकत होता. आयव्हरी कोस्टमध्ये काजूचा निर्यातदार व्हायला तिथल्या कापूस आणि काजू परिषदेची मान्यता लागते. ही परिषदच दर हंगामात शेतकऱ्याचा किमान भाव जाहीर करते. आबिजानवाल्याकडे यंदाच्या हंगामाचा परवाना मागा, गेल्या वर्षीचा नको.

टांझानियाचं तर आणखी वेगळं. मत्वारा, लिंडी भागात माल सहकारी संस्थांमार्फत गोदामात जातो आणि लिलावाने विकला जातो, काजू बोर्डाच्या देखरेखीखाली. तिथला कोणी म्हणाला की मी शेतकऱ्याकडून थेट उचलून देतो, तर हसून फोन ठेवा.

आता कंटेनर नंबर. चार अक्षरं आणि सात आकडे असतात, मालाच्या कंटेनरला चौथं अक्षर यू. शेवटचा आकडा आधीच्या दहा खुणांवरून ठरलेला असतो, कुणी मनाने नंबर रचला तर बहुधा तो जुळत नाही. हे तपासायची सोय फुकट आहे. बिल ऑफ लेडिंगचा (शिपिंग लाइनने दिलेल्या माल चढवल्याच्या कागदाचा) नंबर तर शिपिंग लाइनच्या साइटवर टाकला की बोट कुठे आहे ते दिसतं. कुणी पीडीएफ पाठवून शिल्लक रक्कम मागितली, आणि साइटवर तो नंबरच सापडत नाही, तर उद्या सापडेल म्हणून वाट बघू नका.

सर्व्हेअरच्या, म्हणजे माल तपासणाऱ्या त्रयस्थ कंपनीच्या, सर्टिफिकेटचंही तेच. एसजीएस, ब्युरो व्हेरिटास, कोटेक्ना, इंटरटेक यांच्या नावाचे बनावट कागद सर्रास फिरतात. सर्टिफिकेटवर छापलेल्या फोनवर फोन करून खात्री करण्यात अर्थ नाही, तो नंबरही त्यानेच छापलेला असणार. त्या कंपनीच्या मुख्य साइटवरून त्यांच्या आबिजान किंवा बिसाऊच्या ऑफिसचा पत्ता काढा आणि सर्टिफिकेट नंबर देऊन विचारा.

तळकोकणी :

सर्व्हेअरचंच विचारणार होतो. दुबईवाल्याने ५३.२ आऊटटर्नचं सर्टिफिकेट पाठवलंय. वाचलं तर तारीख मेमधली आहे आणि माल ऑगस्टमध्ये लोड होणार म्हणतो.

सुरंगी :

मग ते सर्टिफिकेट दुसऱ्या कोणाच्या तरी मालाचं आहे, किंवा याच मालाचं पण मेमधलं. दोन्ही निरुपयोगी. मेमध्ये ५३ असलेली बी बिसाऊच्या पावसात गोडाऊनमध्ये पडून राहिली तर ऑगस्टमध्ये ५० सुद्धा निघेल की नाही देव जाणे. बिसाऊचा माल मुळात चांगला असतो यात वाद नाही, पन्नाशीच्या वरचा आऊटटर्न तिथे मिळतो. पण तो हंगामातला. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते जून. जुलैनंतर जो विकतोय त्याला विचारा की माल एवढे दिवस का राहिला. भाव वाढायची वाट बघत होता की कोणी नाकारलेला लॉट आहे?

आणि हा दुबईचा ट्रेडर म्हणजे त्याच्याकडे माल आहे असं समजू नका. तो बिसाऊतल्या कुणाकडून घेणार आणि तुम्हाला देणार. त्यात वाईट काही नाही, आपणही कधीतरी असं करतो, पण त्याला सांगा की कंटेनर भरताना सर्व्हेअर मी नेमणार आणि पैसे मी देणार. माझ्या मते सगळी पारख इथेच होते. फी फार मोठी नसते, पण सप्लायर तुमच्या सर्व्हेअरला गोडाऊनमध्ये घेणार की नाही, यावरून माल त्याच्या हाताशी आहे की नाही ते कळतं.

बोंडू :

तुमचा चालू दे. पण एक इचारतंय. आमच्या बियांक दर मिळना नाय आणि तुमी आफ्रिकेसून कंटेनर हाडतास. मे महिन्यात तुमच्यासारकेच कारखानदार सांगतत, काका, बाहेरचो माल स्वस्त पडता, तुमचो भाव खाली करा. वेंगुर्ला-४ जातीचो उतारो ३१ टक्के, वेंगुर्ला-७ चो साडेतीस. सातची बी दहा ग्रामाची, किलोत शंभर बसतत. तुमच्या त्या आबिजानाच्या किलोत दोनशे. एवढो चांगलो माल दारात आसताना ह्यो उपद्व्याप कित्याक?

तळकोकणी :

काका, राग समजतो. आम्हीही मे संपेपर्यंत गावठीच घेतो आणि दरही बाजारापेक्षा कमी देत नाही, हवं तर कुडाळात विचारा. पण जून ते जानेवारी कारखाना बंद ठेवला तर पुढच्या हंगामात तुमची बी घ्यायला मी उरणारच नाही.

बोंडू :

तां खरा. पण मग आफ्रिकेचो गर वेंगुर्ल्याचो म्हणान पिशयेत भरू नका. तेवढा पाळा, मग काय हाडूचा तां हाडा.

सुरंगी :

काकांचं शंभर टक्के बरोबर. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, त्याचं नाव बाहेरच्या गराला लावणं हा गुन्हा तर आहेच, पण चव घेणारं गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी परत येत नाही. आम्ही दोन्हीची पोती, पॅकिंग आणि बिलंसुद्धा वेगळी ठेवतो.

हिशेबनीस :

बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर नोकरी केली, आता रत्नागिरीला निवृत्त आहे. पैशाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

लोकांचा समज असतो की एलसी (बरोबर कागद आले की पैसे देण्याची बँकेची हमी) काढली की माल सुरक्षित. तसं नाही. एलसी ज्या नियमांवर चालते त्या यूसीपी ६०० च्या पाचव्या कलमात स्वच्छ लिहिलंय की बँक कागदांचा व्यवहार करते, मालाचा नाही. पोत्यात काजूऐवजी दगड भरले आणि कागद बरोबर असले, तर बँक पैसे देणार आणि तुम्हाला ते भरावे लागणार. म्हणून एलसीमध्ये जे कागद मागायचे ते विचार करून मागा. सर्व्हेअरचं नाव घाला, कंटेनर भरतानाचं सर्टिफिकेट मागा, त्यात आऊटटर्न, नट काऊंट आणि ओलावा यांचे आकडे आणि मर्यादा लिहा. '४६ ते ४८' असं कुठेही येऊ देऊ नका. किमान ४६, त्याखाली प्रत्येक पॉइंटला इतके डॉलर कपात, आणि अमुक आकड्याखाली माल नाकारण्याचा हक्क. ओलावा जास्तीत जास्त १० टक्के.

आगाऊ टीटी, म्हणजे बँकेतून थेट पैसे, मागणारे बरेच असतात. देऊच नका असं मी म्हणणार नाही, पण आगाऊ दिलेल्या पैशावर माल सहा महिन्यांत यायला हवा आणि बिल ऑफ एंट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद) बँकेला दाखवायला हवं, नाहीतर तुमचं नाव थकबाकीत दिसतं आणि पुढची रेमिटन्स अडते. म्हणजे ठग पैसे घेऊन गेला तरी बँकेला उत्तर तुम्हीच द्यायचं.

सप्लायरचा क्रेडिट रिपोर्ट बँकेमार्फत मागवता येतो. थोडे पैसे आणि थोडे दिवस लागतात. अर्ज एका पानाचा असतो, तरी मागणारा आयातदार मला विरळाच भेटला.

आणि ईसीजीसी या सरकारी विमा कंपनीचा विमा काढतो असं कोणीतरी हमखास म्हणतो. ती निर्यातदारांसाठी आहे, आपल्या कामाची नाही.

शिरोडानाका :

हिशेबनीस काका, तुमचं पुस्तकात बरोबर आहे. पण लहान कारखानदाराला बँक एलसी देते ती जवळजवळ तेवढीच एफडी अडकवून. वर चार्जेस. आणि तिकडचे बरेच विक्रेते एलसी बघून पळतात, त्यांना कागद बँकेत आल्यावर रोख हवेत.

हिशेबनीस :

मग तसं करा. कागद बँकेमार्फत आणि पैसे कागद सोडवताना. एलसीपेक्षा स्वस्त पडतं आणि आगाऊपेक्षा बरं. फक्त रकमेचे शेवटचे पाच-दहा टक्के, माल इथे उतरून कटिंग टेस्ट झाल्यावर, हे कराराच्या आतच लिहा. जो सप्लायर त्याला तयार होतो त्याचा स्वतःच्या मालावर विश्वास आहे. जो म्हणतो लोडिंगचा आकडा अंतिम, त्याला वाटेत काय होणार हे आधीच माहीत असतं.

एक राहिलं. मधेच ई-मेल येतो, 'आमचं खातं ऑडिटमध्ये आहे, या नव्या खात्यावर पाठवा.' ई-मेल अगदी त्याच पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो, एखादं अक्षर इकडचं तिकडे. खातं बदललं की सप्लायरला फोन करायचा, पहिल्या दिवशी ज्या नंबरवर बोललो त्याच नंबरवर. आबिजानच्या कंपनीचं खातं तिसऱ्याच देशात निघालं तर तिथेच थांबा. एका आयातदाराने हे न करता पैसे पाठवले होते, सप्लायर खरा होता, माल खरा होता, आणि मधल्या मध्ये पैसे तिसऱ्याने नेले. दोघंही एकमेकांना चोर म्हणत बसले.

जुना_खलाशी :

मी बोटीवर होतो, काजू भरून आणलेला आहे म्हणून दोन शब्द. ओल्या हवेत भरलेला कंटेनर विषुववृत्तावरून जाऊन थंड पाण्यात शिरला की आतलं छत घामेजतं आणि थेंब वरच्या पोत्यांवर पडतात. उघडल्यावर वरचे दोन थर बुरशीने काळे, खालचे ठणठणीत. सप्लायरला विचारा की छताला आणि भिंतींना क्राफ्ट पेपर लावतो का, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या किती टांगतो, आणि बी किती दिवस उन्हात वाळवली. बारदान नवं तागाचं आहे की जुनं हेही. जुन्या बारदानातून कीड येते.

मार्ग विचारा. थेट बोट की मधे कुठे कंटेनर उतरवून दुसऱ्या बोटीवर चढवणार. मधल्या बंदरात तो किती दिवस उन्हात पडेल याचा नेम नसतो. आणि जूनच्या शेवटी न्हावा शेव्याला पोचणारा माल म्हणजे ट्रकमध्ये चढवतानाच भिजणार, तेव्हा भरल्या कंटेनरनेच कारखान्यापर्यंत आणा.

बंदरावरचा :

खलाशी काकांच्या बोलण्यात आणखी भर. भाव सीआयएफ (माल, बोटीचं भाडं आणि विमा धरून) आहे म्हणून विमा सप्लायरने काढलाय असं समजून निश्चिंत राहू नका. इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांप्रमाणे सीआयएफमध्ये त्याने कमीत कमी संरक्षणाचा, सी क्लॉजचा विमा काढला तरी चालतं. घामाने भिजलेलं त्यात येत नाही. तुम्ही सीएफआर (विमा न धरता) भाव मागा आणि विमा इथल्या कंपनीकडून सगळ्यात व्यापक, ए क्लॉजचा काढा.

कस्टम्सचं : सालीसकट काजू ०८०१ ३१ मध्ये येतो. मूळ सीमाशुल्क २.५ टक्के, २०१८ च्या अर्थसंकल्पात ते पाचावरून खाली आलं. वर आयजीएसटी ५ टक्के, ज्याचं क्रेडिट मिळतं. अतिअल्पविकसित देशांच्या मालाला शुल्कात सवलत देणारी योजना आहे, आणि गिनी-बिसाऊ त्या यादीत बसतो, आयव्हरी कोस्ट बसत नाही. पण सवलत मागायची तर २०२० च्या कारोटर नियमांनुसार माल खरोखर तिथलाच आहे याची माहिती आयातदाराने जवळ ठेवायला हवी. दुबईवाल्याला विचारा, मूळ देशाचा दाखला कोण देणार आणि त्यावर माल पाठवणारा कोण दिसणार. इथे बरेच ट्रेडर अडखळतात. फायटो (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा) आणि फ्युमिगेशनचे (धुरी दिल्याचे) दाखले लोडिंगच्या देशातले आणि मूळ प्रतीच हव्यात. ते कुरियरने उशिरा आले तर कंटेनर बंदरात पडून भाडं चढतं, आणि ते तुमच्या डोक्यावर. शिपिंग लाइनकडून कंटेनर भाड्याशिवाय ठेवायला जास्त मोफत दिवस घे, हेही सप्लायरला आधीच सांगा. बुकिंग त्याच्या हातात असतं, नंतर आपलं कोणी ऐकत नाही.

सुरंगी :

जमत असेल तर स्वतः जाऊन या, मार्चमध्ये. मी पिवळ्या तापाची लस घेऊन गेले होते, दहा दिवस आधी घ्यावी लागते, परतताना विमानतळावर कार्ड बघतात. आपल्या सिंधुदुर्गवाल्यांना मुंबईला जायची गरज नाही, मुरगावच्या पोर्ट हेल्थ ऑफिसात देतात. आबिजानला फ्रेंच चालते, बिसाऊला पोर्तुगीज, घानाला इंग्रजी. दुभाष्या सप्लायरचा घेऊ नका.

तिथे ऑफिस बघण्यात वेळ घालवू नका. एसी, गुळगुळीत टेबल, सगळ्यांकडे असतं. गोडाऊनमध्ये वजनकाट्याजवळ तासभर उभे राहा. शेतकऱ्यांकडून गोळा करणारे लहान खरेदीदार, तिकडे त्यांना पिस्तर म्हणतात, पोती घेऊन येतात. त्यांना पैसे लगेच मिळतात की 'उद्या ये' सांगितलं जातं? लगेच मिळत असतील तर मालकाकडे भांडवल आहे. नसेल तर तुमच्याच आगाऊ रकमेवर तो माल गोळा करणार. आणि ओलावा मोजतात का बघा. मी ज्या गोडाऊनला गेले तिथे एक मुलगा नुसती मूठभर बी हातात खळखळवून 'कोरडी' म्हणत होता, मीटर कपाटात बंद. त्यांच्याशी आम्ही व्यवहार केला नाही.

जाणं परवडत नसेल तर त्याच्याकडून भारतातल्या दोन-तीन गिऱ्हाइकांची नावं मागा. मंगळूर, कोल्लम, पलासा, पनरुटी, कुठलीही. त्यांना फोन करून फक्त एवढंच विचारा की माल कमी उतरला तेव्हा त्याने काय केलं. माल कधीतरी कमी उतरतोच.

तळकोकणी :

सगळ्यांचे आभार, बरंच काम झालं. कोटोनू बाद. दुबईवाल्याला माझा सर्व्हेअर म्हटल्यावर तीन दिवस उत्तर नाही, मग आला आणि म्हणाला की 'पहिल्या व्यवहारात नको'. आबिजानवाल्याने यंदाचा परवाना पाठवला, मंगळूरच्या दोन कारखानदारांची नावं दिली. एकाशी बोललो, म्हणाला की गेल्या वर्षी माल दीड पॉइंट कमी आला होता, भांडून का होईना पैसे परत दिले. ४६ किमान, ४४ खाली नाकारायचा हक्क, आणि दहा टक्के इथल्या कटिंगनंतर, हे त्याने मान्य केलंय, पण भाव २० डॉलरने वाढवला. भाऊ म्हणतो हे २० कशाला द्यायचे.

शिरोडानाका :

भावाला सांगा, सोळा टनाला ३२० डॉलर होतात. सुरंगीताईंचा पाच पॉइंटचा हिशेब त्याच्या शेजारी ठेवा. द्या आणि पुढे चला. आणि एकट्याने घेण्यापेक्षा शेजारच्या युनिटला अर्धा कंटेनर विचारून बघा, पहिल्या खेपेला जोखीम निम्मी.

तळकोकणी :

विचारतो. एक शेवटची शंका. इथली कटिंग कोणाची अंतिम धरायची? तो म्हणतो त्याचा माणूस मंगळूरहून येईल. आणि वजन कुठल्या काट्यावरचं?

सुरंगी :

त्याचा माणूस येऊ दे, पण सर्व्हेअर दोघांनी मिळून ठरवलेला, खर्च निम्मा-निम्मा. सॅम्पल तीन सीलबंद पिशव्यांत, एक त्याला, एक तुम्हाला, एक वाद झालाच तर. ओलाव्याचा मीटर एकाच कंपनीचा दोन्हीकडे, आणि तो काजूसाठी लावलेला हवा. धान्यावर लावलेला मीटर काजूला भलताच आकडा दाखवतो.

बंदरावरचा :

वजनाचं करारातच लिहा, उतरतानाचं निव्वळ वजन, सरकारी प्रमाणित काट्यावर, आणि वाटेतल्या सुकण्यापोटी किती घट चालेल तेही. कंटेनर कारखान्यात पोचला की सील नंबर बिल ऑफ लेडिंगशी जुळवा, फोटो काढा, आणि सर्व्हेअर येईपर्यंत सील तोडू नका. गाडी शनिवारी रात्री आली आणि सर्व्हेअर सोमवारी येणार असेल तर ड्रायव्हरला दोन दिवसांचं हॉल्टिंग देऊन टाका. ड्रायव्हर घाई करेल, गोडाऊनमधली पोरंही म्हणतील, उघडून ठेवूया. उघडू देऊ नका.